बुशशर्टाखालचं पिस्तूल

जुलैतल्या मायामीत सकाळी दहालाच शर्ट पाठीला चिकटतो. पारा 33 अंशांच्या आसपास आणि हवेत दमटपणा इतका, की रत्नागिरीचा मे महिना आठवावा. माणसं हाफ पँट, पातळ टी-शर्ट आणि पायात सपाता घालून बाहेर पडतात. त्यांतल्या काहींच्या कमरेला, त्याच टी-शर्टाखाली, भरलेलं पिस्तूल असतं. ते कुणाला दिसू नये ही त्यांची रोजची विवंचना.

थंडीच्या प्रदेशात हा प्रश्न फारसा पडत नाही. मिनेसोटातल्या जानेवारीत जाडजूड कोटाखाली काहीही खपून जातं. फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोना इथे मात्र कोट चढवलेला माणूसच आधी लोकांच्या डोळ्यांत भरतो. त्यामुळे या राज्यांत पिस्तूल निवडणं हे काही अंशी शिंप्याचं काम होऊन बसलं आहे. आधी कपाट उघडायचं, अंगावर काय घालतो ते बघायचं आणि मग त्या कपड्यांच्या मापाचं शस्त्र शोधायचं.

बाळगायची मुभा कुणाला, हे राज्याराज्यांत वेगळं आहे. फ्लोरिडाने 1987 मध्ये कायदा केला, की अटी पुऱ्या करणाऱ्याला परवाना नाकारता येणार नाही. पुढे अनेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला. टेक्सासने सप्टेंबर 2021 मध्ये आणि फ्लोरिडाने जुलै 2023 मध्ये परवान्याची अटच काढून टाकली. 2024 अखेर अशी राज्यं 29 झाली होती. प्यू संशोधन केंद्राच्या 2023 च्या पाहणीत बंदूक बाळगणाऱ्यांपैकी 72 टक्क्यांनी स्वसंरक्षण हे मोठं कारण असल्याचं सांगितलं. आणि हे सांगताना दुसरा आकडा झाकून ठेवता येत नाही. 2021 मध्ये त्या देशात बंदुकीने 48,830 माणसं गेली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या.

बाळगणं कायदेशीर, तर लपवायचं कशाला? एक तर फ्लोरिडात शस्त्र उघडं मिरवण्यावर कैक वर्षं बंदी होती. 2025 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. पण कायदा बाजूला ठेवला तरी, किराणा दुकानात रांगेत पुढे उभ्या असलेल्याच्या कमरेला पिस्तूल दिसलं तर आजूबाजूच्यांचा जीव खालीवर होतोच. शर्टावर शस्त्राचा आकार उठून दिसणं याला तिथे ‘प्रिंट होणं’ म्हणतात, म्हणजे जणू कापडावर छाप उमटावी. वारा आला, शर्ट क्षणभर उडाला आणि शस्त्र दिसलं तर फ्लोरिडाचा कायदा माफ करतो. मात्र कुणाला धमकावण्यासाठी दाखवलं तर नाही.

आता या छापेची गंमत पाहा. नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, नळी आखूड हवी. खरं तर नळी पँटच्या आत, मांडीच्या बाजूने खाली जाते आणि तिथे ती मुकाट पडून राहते. दगा देते ती मूठ. ती पट्ट्याच्या वर असते आणि शरीराच्या वळणाशी तिचं जमत नाही. माणूस ताठ उभा असला तर सगळं झाकलेलं. खालच्या फळीवरची पावाची लादी घ्यायला तो वाकला, की पाठीवरचं कापड ताणलं जातं आणि मुठीचा कोपरा तंबूच्या खांबासारखा वर येतो. म्हणून जाणते विक्रेते आणि प्रशिक्षक सांगतात, की आरशासमोर नुसते उभे राहू नका. वाका, बसा, वरच्या फडताळाला हात लावून बघा.

म्हणजे मूठ तोकडी हवी. पण मूठ तोकडी केली, की करंगळीला जागा उरत नाही.

हे प्रत्यक्ष हातात धरल्यावर पटतं. रुगर कंपनीचं एलसीपी हे खिशातल्या पिस्तुलांतलं बहुधा सर्वांत ओळखीचं नाव. लांबी सव्वापाच इंचांच्या आत, जाडी इंचापेक्षा कमी, रिकामं वजन सुमारे 270 ग्रॅम, म्हणजे पावशेर साखरेच्या पुडीहून जरासं जास्त. तळहातावर ठेवलं तर खेळणं वाटावं. पकडायला गेलं, की मधलं बोट आणि अनामिका मुठीवर बसतात आणि करंगळी खाली हवेत लोंबकळते. नेम धरायचे खुणेचे दांडे इतके बुटके, की चाळिशी लागलेल्या माणसाला ते शोधावे लागतात. एक गोळी झाडली, की ते चिमुकलं यंत्र हातात असं उसळतं, की दुसऱ्या गोळीआधी पकड पुन्हा बसवावी लागते.

यात गूढ काही नाही, शाळेतला न्यूटनच आहे. गोळी पुढे जाते तितक्याच संवेगाने पिस्तूल मागे येतं. तेच काडतूस निम्म्या वजनाच्या पिस्तुलातून झाडलं, तर मागे येणारी ऊर्जा दुप्पट होते. खिशाला जे हलकं, ते मनगटाला जड. दुकानातलं गिऱ्हाईक वजनकाट्यावरचे ग्रॅम मोजत असतं. हिशेब चुकता होतो तो मैदानावर, पन्नासावी गोळी झाडताना. अशा पिस्तुलाचे मालक सराव टाळतात, हे प्रशिक्षकांचं नेहमीचं गाऱ्हाणं आहे.

लहान शस्त्राची हौस अमेरिकेला नवी नाही. अब्राहम लिंकनवर 1865 मध्ये झाडलेली गोळी फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने बनवलेल्या, तळहातात मावणाऱ्या पिस्तुलातून सुटली होती. पुढे 1950 मध्ये स्मिथ अँड वेसनने पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्वर काढलं आणि ते कोलोरॅडो स्प्रिंग्जला पोलीस प्रमुखांच्या अधिवेशनात मांडलं. तिथेच त्याचं बारसं झालं, ‘चीफ्स स्पेशल’. सहाऐवजी पाच गोळ्या ठेवण्यामागे विचार होता. फिरणारा गोल त्यामुळे बारीक झाला आणि कमरेवर कमी फुगू लागला. त्याच घराण्यातलं 642 हे मॉडेल आजही विकलं जातं. सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि घोडा आत दडवलेला, म्हणजे खिशातून काढताना अस्तरात अडकायला नको.

मग एक उलटा प्रकार घडला. 1994 मध्ये केंद्र सरकारने नव्या मॅगझिनमध्ये दहाच गोळ्यांची मर्यादा घातली. हेतू होता शस्त्रांची मारक क्षमता आटोक्यात ठेवण्याचा. कारखानदारांनी वेगळंच गणित मांडलं. गोळ्या दहाच ठेवायच्या असतील तर एवढं मोठं पिस्तूल हवं कशाला? 1995 मध्ये ग्लॉकने ‘बेबी ग्लॉक’ म्हणून ओळखलं जाणारं 26 क्रमांकाचं पिस्तूल आणलं, आणि फ्लोरिडातल्या कोको गावच्या केल-टेकनेही त्याच सुमारास छोटं पिस्तूल बाजारात उतरवलं. ती मर्यादा 2004 मध्ये संपली. छोट्या पिस्तुलांची चटक मात्र राहिली.

केल-टेकने 2003 मध्ये आणलेल्या चपट्या खिसापिस्तुलाच्या वळणावर रुगरचं एलसीपी 2008 मध्ये आलं आणि हातोहात खपलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीला सुरुवातीची पिस्तुलं परत मागवावी लागली. भरलेलं पिस्तूल खाली पडलं तर गोळी सुटण्याचा धोका आढळला होता. सुटे भाग बदलून ती ग्राहकांना परत दिली गेली. जुना माल स्वस्तात घेणाऱ्याने क्रमांक तपासून घ्यावा, तो यासाठी.

या पिस्तुलात जातं ते .380 काडतूस, जॉन ब्राउनिंगचं, 1908 पासूनचं. ते पुरेसं आहे का, यावर तिथे अजून वाद झडतात. मोजमापाची जी फूटपट्टी वापरतात, तीही मायामीचीच देणगी. 11 एप्रिल 1986 रोजी तिथे दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले आणि पाच जखमी झाले. चौकशीत ठपका आला, की एका दरोडेखोराला लागलेली गोळी हृदयाआधीच थांबली होती. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यांवर चाचण्या बसवल्या. गोळीने किमान 12 आणि फार तर 18 इंच आत जावं, अशी अपेक्षा ठरली. तोकड्या नळीतून वेग घटतो. मग पोकळ टोकाची गोळी कधी उमलतच नाही, तर कधी उमलते आणि आधीच थांबते. 9 मिलिमीटरचं काडतूस या परीक्षेत जास्त भरवशाचं, पण ते झाडायला पिस्तूल थोडं वजनदार हवं.

ही कोंडी बऱ्याच अंशी फुटली ती जानेवारी 2018 मध्ये. सिग सावरने पी365 आणलं. नावातच जाहिरात होती, वर्षाचे सगळे दिवस जवळ ठेवा. वजन सुमारे अर्धा किलो, लांबी 5.8 इंच, 9 मिलिमीटरच्या दहा गोळ्या मॅगझिनमध्ये आणि एक नळीत. त्याच मापाच्या ग्लॉक 43 मध्ये मॅगझिनला सहाच गोळ्या मावत. करामत मॅगझिनच्या आकारात होती. खाली गोळ्या दाटीवाटीने आजूबाजूला बसतात आणि वर येताना एकेरी रांगेत होतात, त्यामुळे मूठ फुगत नाही. पुढच्या वर्षी स्प्रिंगफील्डने हेलकॅट काढून आणखी एक गोळी कोंबली. आज टी-शर्टातल्या माणसाला विक्रेता आधी याच जातीचं पिस्तूल दाखवतो, आणि ते योग्यच आहे. खिशातलं पावशेरी पिस्तूल त्यानंतर, जिथे पट्टा बांधायचीच सोय नाही अशांसाठी.

पट्टा हा या सगळ्यातला दुर्लक्षित नायक. नाडीच्या हाफ पँटला अर्धा किलो लोखंड खोचलं तर काय होतं, हे प्लॅक्सिको बरेस या फुटबॉलपटूने साऱ्या देशाला दाखवलं. फेब्रुवारी 2008 मध्ये त्याने सुपर बोलचा विजयी झेल घेतला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅनहॅटनच्या एका नाइट क्लबमध्ये त्याच्या ढगळ पँटीच्या कमरेला खोचलेलं ग्लॉक घसरलं, सावरताना चाप दाबला गेला आणि गोळी त्याच्याच मांडीतून गेली. फ्लोरिडाचा परवाना संपलेला, न्यूयॉर्कचा कधी नव्हताच. शिक्षा दोन वर्षांची झाली आणि ऐन उमेदीतले हंगाम तुरुंगात गेले.

चूक पिस्तुलाच्या मापाची नव्हती, म्यानाची होती. चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर नसेल तर पिस्तूल अंगावर घ्यायचंच नाही. हा नियम खिशालाही लागू. त्या खिशात मग किल्ली, सुटे पैसे, लिप बाम काही नको. कायडेक्स नावाच्या कडक प्लॅस्टिकची होल्स्टरं उन्हाळ्यात जास्त चालतात, कारण चामडं घाम पितं आणि कालांतराने मऊ पडतं. शस्त्रालाही घाम बाधतो. पोटाशी टेकणाऱ्या बाजूचे स्क्रू आधी तांबूस होतात. खिशातलं पिस्तूल महिन्याभराने उघडलं, तर आत जुन्या उशीतल्यासारखा कापूस निघतो. तेलाचं फडकं आठवड्यातून एकदा फिरवणं हा तिथल्या उन्हाळ्याचा भाग आहे.

कपड्यांची युक्ती साधी आहे. शर्ट एक माप मोठा, कापड जरा कडक, रंग गडद किंवा नक्षीदार. फुलापानांच्या हवाई शर्टात आकार हरवून जातो; पांढरा, अंगाला चिकटणारा बनियन सगळं बोलून दाखवतो. मायामीच्या क्यूबन वस्तीतला ग्वायाबेरा म्हणजे आपल्या बुशशर्टाचा चुलतभाऊ. सैल, न खोचायचा, पुढे खिसे आणि उभ्या चुण्या. तो लपवालपवीसाठी शिवलेला नसला तरी त्या कामाला त्याच्यासारखा दुसरा नाही.

बायकांच्या कपड्यांना पट्टाही नसतो आणि धड खिसाही नसतो, म्हणून पर्सचा मोह होतो. 2014 च्या डिसेंबरात आयडाहोमधल्या एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समध्ये हात घातला, आतलं पिस्तूल उडालं आणि आई जागीच गेली. पर्सला पिस्तुलासाठी खास कप्पा होता. तेव्हापासून प्रशिक्षक हे उदाहरण देतात. पोटाला बांधायचे रुंद पट्टे आणि कमरेभोवती स्वतंत्र दोरी असलेली होल्स्टरं आता मिळतात. ती घालायला कटकटीची आहेत, पण शस्त्र अंगावर राहतं.

डॅलस-ह्यूस्टनच्या मराठी मंडळांतही हा विषय निघतो, तेव्हा एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. एच-1बी व्हिसावर असलेल्याला अमेरिकेचा केंद्रीय कायदा, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता, बंदूक बाळगू देत नाही. ग्रीन कार्डधारकाला ती घेता येते. भारतात तर 9 मिलिमीटर सर्वसामान्यांना निषिद्धच. कानपूरच्या आयुध कारखान्याने 2014 मध्ये महिलांसाठी ‘निर्भीक’ हे .32 रिव्हॉल्वर काढलं, त्याचं वजनही अर्धा किलोच. किंमत मात्र तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. पी365 तिकडे पाच-सहाशे डॉलरला मिळतं.

इतक्या हलक्या वस्तूचा एक परिणाम कुणाच्या जाहिरातीत नसतो. 2023 मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर हातातल्या सामानात 6,737 बंदुका सापडल्या आणि शंभरातल्या त्र्याण्णव भरलेल्या होत्या. सर्वाधिक 451 अटलांटात, मग डॅलस, मग ह्यूस्टन, म्हणजे सगळी दक्षिणेतली उकाड्याची शहरं. दंड तेव्हा जवळपास 15 हजार डॉलरपर्यंत होऊ शकत होता. पकडलेल्यांचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, की बॅगेत आहे हे लक्षातच नव्हतं.