चालती गाडी पिकअप घेईनाशी झाली तर



गेल्या दत्तजयंतीला आपल्यातले एक कुटुंब गाणगापूरहून दर्शन घेऊन परतत होते. कलबुर्गी मागे पडले होते, हुमनाबाद अजून लांब होते आणि दिवस मावळला होता. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी गाडी चाळिसाच्या वर जाईना. घाबरून त्यांनी गाडी होती तिथेच, रस्त्यावर थांबवली आणि बॉनेट उघडले. बायका-मुले उतरून गाडीच्या मागे उभी राहिली. मागून आलेल्या ट्रकवाल्याने ऐनवेळी ब्रेक मारला म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कळले की हवेचा एक पाइप निसटला होता. बिघाड एवढासा, धोका होता तो थांबण्याच्या जागेचा.

लग्नकार्य, दवाखाना, मुलांचे शिक्षण यासाठी आपली लातूर, सोलापूर, हैदराबादला सतत ये-जा असते. म्हणून हे चार शब्द.

पहिल्या मिनिटात काय करावे

१. ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा दाबू नये. चारही इंडिकेटर लावावेत, आरशात मागचे पाहावे आणि सावकाश डावीकडे यावे.

२. गाडी चालत असताना किल्ली बंद करू नये. इंजिन चालू आहे तोवर ब्रेक आणि स्टिअरिंग नेहमीसारखे काम करतात. इंजिन बंद पडलेच तर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकही थोड्याच वेळात कडक होतो. अशा वेळी ब्रेक सोड-दाब न करता एकदाच जोराने दाबून धरावा. किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

३. पुलावर, वळणावर किंवा चढ संपतो तिथे थांबू नये. गाडीत थोडा जोर असेल तर खालच्या गिअरमध्ये हळूहळू पुढच्या पंपापर्यंत किंवा धाब्यापर्यंत न्यावी.

४. सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून रस्त्यापासून लांब उभे करावे. लाल त्रिकोण गाडीमागे निदान साठ-सत्तर पावलांवर ठेवावा. उसाच्या हंगामात आपल्याकडे मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्री चालतात, त्यामुळे मागून येणाऱ्यांची नजर आधीच त्यांना चुकवण्यात गुंतलेली असते.

राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि जिवाला धोका असेल तर कुठूनही ११२ लावावा.

गाडी काय सांगते

इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो: क्लच प्लेट घसरते आहे.

पिवळा इंजिनचा दिवा लागला आणि गाडी ठरावीक वेगाच्या वर जात नाही: बिघाड ओळखून गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच जोर कमी केला आहे. थोडा वेळ बंद करून पुन्हा चालू केल्यावर कधी कधी ठीक वाटते, पण दोष तसाच असतो. स्कॅन करून घ्यावे. हाच दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे दामटू नये.

गाडी झटके देते, चढावर जास्त दम तोडते: डिझेल किंवा पेट्रोल नीट पोहोचत नाही, नाहीतर पेट्रोल गाडीचा प्लग गेला आहे.

काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज: टर्बोचा पाइप फाटला किंवा निसटला आहे.

तापमानाचा काटा लाल रेघेवर: गाडी बंद करावी. रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये.

आणि या सगळ्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पायाखालची चटई ॲक्सिलरेटरखाली अडकली आहे का? हँडब्रेक अर्धा ओढलेला राहिला आहे का? हसू येईल, पण असे होते.

आपल्याकडची खास कारणे

बिदरची तांबडी माती, कलबुर्गीकडची काळी माती आणि तुरीच्या राशीच्या दिवसांतला भुसा, हे सगळे एअर फिल्टरमध्ये जाऊन बसते. कंपनीने लिहिलेल्या मुदतीआधीच तो एकदा उघडून पाहावा. डिझेल फिल्टरमधले पाणी काढून घ्यावे. टाकी नेहमी रिझर्व्हवर ठेवू नये.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. घर ते बाजार एवढीच गाडी फिरवली तर ती काजळी जळत नाही, जाळी तुंबते आणि पिकअप जातो. त्याचा दिवा लागला की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग गाडी चालवावी. दिवा लागूनही दुर्लक्ष केले तर खर्च मोठा येतो.

शेवटी एक विनंती. हा लेख गाडी चालवणाऱ्यानेच वाचून ठेवू नये, घरात सगळ्यांना वाचून दाखवावा. त्या संध्याकाळी गाडीतल्या एकाने जरी म्हटले असते, "आधी बाजूला घ्या, बॉनेट मग उघडा," तर मुले ट्रकसमोर उभी राहिली नसती.