मण्यार, विंचू आणि आपली मज्जासंस्था

आपल्या पारगाव परिसरात ऊस भरपूर, त्यामुळे उंदीर भरपूर आणि उंदरांमागे साप आलेच. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावतो. चावा फारसा दुखत नाही, खूणही चटकन सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, थुंकी गिळवत नाही. घरचे म्हणतात, पोट बिघडले असेल. कोणी मांत्रिकाचे नाव काढतो. शरीरात मात्र त्या वेळी काय चाललेले असते, हे समजण्यासाठी मज्जासंस्थेची ओळख हवी.

मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू मिळून मध्यवर्ती मज्जासंस्था होते. मेंदूपासून मज्जातंतूंच्या १२ जोड्या व मज्जारज्जूपासून ३१ जोड्या निघून सर्व शरीरभर पसरतात; ती परिघीय मज्जासंस्था. मोठा मेंदू विचार व स्मरण करतो, लहान मेंदू तोल सांभाळतो, त्याखालील लंबमज्जा श्वास चालू ठेवते. विस्तवाला हात लागताच तो मागे येतो, तेव्हा हुकूम मज्जारज्जूच परस्पर देतो. मेंदूला खबर नंतर पोचते. सर्वांत वेगवान तंतूंतून संदेश सेकंदाला सुमारे १०० मीटर धावतो.

परंतु तंतू स्नायूला थेट जोडलेला नसतो. मध्ये अतिसूक्ष्म फट असते. तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते, फट ओलांडते आणि मग स्नायू आकुंचन पावतो. विषाचा घाला नेमका येथे पडतो. नागाचे विष स्नायूवरील रसायन स्वीकारण्याच्या जागा अडवते. मण्याराचे विष प्रामुख्याने तंतूचे टोकच निकामी करते. प्रथम पापण्या मिटतात, मग घसा आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात.

मेंदू मात्र शाबूत असतो! मेल्यासारखा दिसणारा रुग्ण पुष्कळदा सर्व ऐकत असतो, फक्त बोट हलवू शकत नाही. त्याच्या उशाशी रडारड करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. प्रतिसर्पविष लस रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते, पण बिघडलेली टोके दुरुस्त करीत नाही. ती शरीर स्वतःच नव्याने घडवते, त्याला काही दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर कृत्रिम श्वासावर माणूस जगवता येतो. म्हणून वेळ मोलाचा. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत सर्पदंशावरील उपचारांबरोबर गावोगावी प्रबोधनही करीत आले आहेत, ते याचसाठी. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. अवयव स्थिर ठेवून तडक रुग्णालय गाठावे.

विंचवाचा प्रकार उलटा. हृदयाची गती, घाम, रक्तवाहिन्यांचे आकुंचन ही कामे आपल्या इच्छेवर नसतात. ती स्वायत्त मज्जासंस्था पाहते. लाल विंचवाचे विष संदेश थांबवत नाही, तर त्यांचा पूर आणते. अंग घामाने भिजते, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, पुढे फुप्फुसांत पाणी भरते. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असे रुग्ण रात्ररात्र बसून पाहिले. पुढे त्यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी वापरली. आकसलेल्या रक्तवाहिन्या तिने सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो. या गोळीने मृत्यू पुष्कळच कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.