ब्रिजमधला स्लॅम: किती एक्के नव्हे, कोणता एक्का?

अमरावती-अकोल्याकडे मेंढीकोट खेळत मोठे झालात? मग हात, हुकूम, भिडू हे सगळं ओळखीचंच. ब्रिजमध्ये नवीन असते ती बोली. 13 पैकी 12 हात घेऊ असं आधीच बोलणं म्हणजे स्मॉल स्लॅम.

12 हात घेतले, पण बोली चार इस्पिकचीच होती, तर 480 गुण. सहा बोलला असता तर 980! (व्हल्नरेबल नसाल तर.) मात्र सहा बोलून एक हात कमी पडला, की आपल्याला शून्य आणि समोरच्यांना 50.

म्हणून शिकाऊ खेळाडू फोर नो-ट्रम्प बोलून भिडूला एक्के विचारतो. इथेच फसतो. समजा, तुमच्याकडे इस्पिक आणि किलवरचे एक्के, बदामचे राजा-राणी आणि चौकटची दोन बारकी पानं आहेत. भिडू सांगतो, एक एक्का. कोणता? चौकटचा असेल तर उत्तम. बदामचा असेल आणि चौकटचा राजाही त्याच्याकडे नसेल, तर समोरचे चौकटचे पहिले दोन हात घेऊन मोकळे.

अशा वेळी आधी विचारू नका, सांगा. तीन इस्पिकवर हुकूम ठरला की चार किलवर बोला, म्हणजे किलवर माझ्या ताब्यात. भिडू चार चौकट बोलला, तर त्याच्याकडे चौकटचा एक्का, राजा किंवा फार तर एकच पान आहे. आता खुशाल एक्के विचारा. चौकट गाळून तो थेट चार बदाम बोलला, तर चौकट दोघांकडेही उघडी. चार इस्पिकवर थांबा, हात कितीही देखणा असो.