जोड्यांच्या ब्रिजमधील गुणांची रीत

२०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि पुरुषांच्या जोड्यांत भारताच्या प्रणव बर्धन व शिबनाथ सरकार यांनी सुवर्णपदक मिळविले. पाने तर दैवाने येतात. मग पदक कशाचे, हा प्रश्न कोणाच्याही मनात यावा.

स्पर्धेत दैवाचा हा वाटा बराचसा काढून टाकलेला असतो. एकदा वाटलेली पाने पुन्हा पिसली जात नाहीत. चार कप्प्यांच्या पाकिटातून तोच डाव टेबलामागून टेबलावर खेळला जातो, आणि उत्तर-दक्षिण जोडीची तुलना होते ती तीच पाने खेळलेल्या इतर उत्तर-दक्षिण जोड्यांशी. जिच्यावर मात केली अशा प्रत्येक जोडीमागे दोन गुण, बरोबरीला एक.

समजा, टेबले आठ आहेत. पाच जोड्यांनी चार इस्पिकांची बोली करून नेमके दहा हात केले, नोंद ४२०. एकीने त्याच बोलीत अकरा केले, ४५०. एकीने तीन बिनहुकमी बोलून दहा हात केले, ४३०. आठवी जोडी चार इस्पिकांत एका हाताने बुडाली, उणे ५०. आता ४५०ला १४ गुण, ४३०ला १२ आणि ४२०ला अवघे ६! बुडालेल्या जोडीला शून्य. पण ती ५००ने बुडाली असती तरी शून्यच. तिला बुडविणाऱ्या पूर्व-पश्चिम जोडीला, हाती रद्दी पाने असूनही, पूर्ण १४. फरक कितीचा, हे कोणी विचारीत नाही.

रबर ब्रिजमध्ये मुरलेल्या खेळाडूची येथेच फसगत होते. जादा हाताचे ३० गुण तेथे चिल्लर. ते सोडून तो बोली सुरक्षित करतो, आणि ते योग्यच. संघांच्या सामन्यांतही दहाच्या फरकाला काही मिळत नाही. जोड्यांत मात्र सर्वांची बोली एकच असेल आणि जादा हाताचा संभव निम्म्याहून अधिक असेल, तर बोली बुडण्याचा धोका पत्करणेच हिशेबी ठरते. उलट, प्रतिपक्षाच्या ११० वा १४०च्या किरकोळ बोलीवर चढून व्हल्नरेबल जोडी डबल होऊन एकच हात बुडाली, तरी २०० जातात आणि त्याबरोबर त्या डावाचे जवळजवळ सारे गुणही.