समोर ट्रक उभा असेल तर अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल गाडी थांबवेल का?

समृद्धी महामार्गावर सपाट भागात कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल असलेल्या गाडीत वेग एकदा सेट केला की पायाला आराम. पुढची गाडी हळू झाली की आपलीही हळू होते, रस्ता मोकळा झाला की पुन्हा वेग घेते. पण लेनमध्येच बंद पडलेला ट्रक उभा असेल तर? गाडी थांबेलच, असं गृहीत धरू नका.

उभं वाहन का सुटतं?

गाडीच्या पुढच्या भागातलं रडार समोरच्या वाहनाचं अंतर आणि वेग मोजतं. अनेक गाड्यांमध्ये जोडीला काचेमागचा कॅमेराही असतो. रडारच्या लहरी मात्र दुभाजक, फलक आणि पुलांवरूनही परत येतात. अशा प्रत्येक वस्तूसाठी गाडीने ब्रेक मारला, तर प्रवासच अशक्य होईल. म्हणून जास्त वेगात अनेक यंत्रणा स्थिर वस्तूंकडून आलेल्या संकेतांना कमी महत्त्व देतात. त्यातच उभा ट्रक सुटू शकतो.

सर्वांत धोक्याची वेळ कोणती?

पुढची कार ट्रक पाहून ऐनवेळी लेन बदलते तेव्हा. तुमच्या गाडीला वाटतं, रस्ता मोकळा झाला. ती सेट केलेला वेग गाठायला उलट वेग वाढवू शकते. ताशी १२० च्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. मोबाइलकडे तीन सेकंद पाहिलं, तर १०० मीटर संपले!

आपत्कालीन ब्रेक आहे ना?

अनेक गाड्यांमध्ये आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक असतो, पण ती वेगळी यंत्रणा आहे. जास्त वेगात ती धडकेचा जोर कमी करू शकते, धडक टाळेलच असं नाही.

आणखी कुठे फसगत होते?

वळणावर पुढची गाडी रडारच्या टप्प्याबाहेर जाते. दुचाकी किंवा उसाची ट्रॉली उशिरा ओळखली जाऊ शकते. मुसळधार पाऊस आणि सेन्सरवरचा चिखल यांनीही यंत्रणा कमकुवत होते किंवा बंद पडते.

मग वापरायचं कसं?

• पुढच्या गाडीपासूनचं अंतर सर्वांत जास्त ठेवा.
• फक्त पुढची गाडी नव्हे, तिच्याही पुढचा रस्ता पाहत राहा.
• पाय ब्रेकजवळ ठेवा. उभं वाहन दिसताच स्वतः ब्रेक लावा, गाडी काय करते याची वाट पाहू नका.
• घाट, शहरातली गर्दी, जोराचा पाऊस आणि टोलनाक्याच्या आधी यंत्रणा बंद करा.
• सेन्सरची जागा पुसून ठेवा. तुमच्या मॉडेलच्या मर्यादा मालक-पुस्तिकेत वाचा.

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल पायाचं काम कमी करतं. डोळ्यांचं काम तुमचंच आहे, आणि कायद्याने जबाबदारीही चालकाचीच.