अवजड तलवारीचे गणित

तलवार किती जड असते, हा प्रश्न वर्गात एकदा विचारून पाहावा. दहा किलो, वीस किलो अशी उत्तरे ऐकण्याची तयारी मात्र ठेवावी. प्रत्यक्षात एका हाताने चालवायची तलवार, मग ती युरोपातली असो, जपानमधली असो की आपल्याकडची, साधारणपणे एक ते दीड किलोची असते. म्हणजे क्रिकेटच्या बॅटीइतकीच. दोन्ही हातांनी पेलायच्या मोठ्या लढाऊ तलवारीही बहुधा दोन ते साडेतीन किलोंच्या आत असत. मग या अगडबंब आकड्यांची कल्पना येते कुठून? चित्रांतून, चित्रपटांतून आणि हल्ली मुख्यतः व्हिडिओ गेममधून. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या १९४४ सालच्या 'हेन्‍री द फिफ्थ' या चित्रपटात चिलखत घातलेल्या सरदाराला दोरखंडाने वर उचलून घोड्यावर बसवले आहे. लढाईला निघणारे सरदार असे घोड्यावर बसत, याला आधार नाही. पण एकदा डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मनातून काढणे किती अवघड असते, ते शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

या लेखात आपण अशाच एका प्रसिद्ध तलवारीचा हिशेब करणार आहोत. जपानच्या स्क्वेअर कंपनीने १९९७ साली 'फायनल फँटसी सेव्हन' हा खेळ बाजारात आणला. त्यातला नायक क्लाउड हा मध्यम उंचीचा, सडपातळ तरुण. तेत्सुया नोमुरा या चित्रकाराने त्याच्या हातात दिलेली तलवार जवळजवळ त्याच्याच उंचीची आणि एखाद्या फळीएवढी रुंद आहे. क्लाउड ती गरगर फिरवतो, ती घेऊन उड्या मारतो आणि लढाई संपली की सहज पाठीला लावतो. पुढे जपानी आणि अमेरिकी खेळांमध्ये अशा महाकाय शस्त्रांची रीतच पडली.

चित्रावरून अंदाज करू. पात्याची लांबी दीड मीटर, रुंदी ३० सें.मी. आणि जाडी, अगदी कमीत कमी, १ सें.मी. धरू. आकारमान झाले १५० × ३० × १ = ४५०० घन सें.मी. पोलादाची घनता दर घन सें.मी.ला सुमारे ७.८ ग्रॅम. म्हणजे पात्याचे वस्तुमान ३५ किलोग्रॅम! टोकाकडचा तिरपा कापलेला भाग वजा केला आणि मुठीचे वजन त्यात मिळवले, तरी आकडा फारसा हलत नाही.

येथे कोणीतरी विद्यार्थी हात वर करून म्हणेलच, "पण क्लाउड साधा माणूस नाही, त्याच्यात अफाट ताकद आहे." हे खरे आहे. गोष्टीत त्याच्या शरीरावर प्रयोग झालेले आहेत आणि त्यामुळे त्याला अमानवी शक्ती मिळालेली आहे. आक्षेप अगदी योग्य आहे आणि त्याला उत्तर देताना आपल्याला पदार्थविज्ञानातला एक महत्त्वाचा फरक हाती लागतो. क्लाउडची अडचण ताकदीची नाहीच. अडचण त्याच्या वजनाची आहे.

समजा, त्याचे वजन ६५ किलो आहे आणि त्याने तलवार समोर आडवी धरली आहे. हात पुढे केल्यामुळे मूठ शरीराच्या मध्यरेषेपासून ५० सें.मी. पुढे आली. पात्याचा गुरुत्वमध्य पुढच्या हातापासून आणखी ८५ सें.मी. दूर. म्हणजे ३५ किलोंचे ओझे मध्यरेषेपासून १३५ सें.मी. पुढे आहे. माणूस आणि तलवार मिळून जो १०० किलोंचा समूह झाला, त्याचा गुरुत्वमध्य कोठे असेल? ३५ × १३५ ÷ १००, म्हणजे सुमारे ४७ सें.मी. पुढे. आता माणसाच्या पायाची बोटे शरीराच्या मध्यरेषेच्या फार तर १५-२० सें.मी. पुढे असतात. ज्या वस्तूचा गुरुत्वमध्य तिच्या पायाच्या बाहेर जातो ती वस्तू कलंडते, हे आपण आठवी-नववीला शिकवतो. तेव्हा क्लाउडचे स्नायू वज्राचे असले तरी तो तलवारीसकट तोंडावर आपटणार! मनगट न वाकता, हात न थरथरता, एखाद्या लाकडी खांबासारखा. खऱ्या तलवारीसाठी हेच गणित करू. वजन १.३ किलो, तिचा गुरुत्वमध्य मध्यरेषेपासून साधारण ६५ सें.मी. पुढे. समूहाचा गुरुत्वमध्य सरकतो जेमतेम सव्वा सें.मी. तो तर श्वास घेतानाही सरकत असेल.

आता वार करू. क्लाउडला उडी मारून वार करण्याची हौस आहे. हवेत असताना जमिनीचा आधार नाही, त्यामुळे संवेग अक्षय्यतेचा नियम अगदी निखळ रूपात लागू होतो. पात्याचा मध्य स्वतःच्या शरीराच्या मानाने सेकंदाला ८ मीटर वेगाने पुढे ढकलला, तर पाते सेकंदाला ५.२ मीटर वेगाने पुढे जाईल आणि क्लाउड २.८ मीटर वेगाने मागे फेकला जाईल. (३५ × ५.२ आणि ६५ × २.८, दोन्ही १८२.) तो तलवार फिरवतो असे म्हणण्यापेक्षा दोघे एकमेकांना फिरवतात असे म्हणणे बरोबर. सव्वा किलोच्या तलवारीने हाच वार केला तर मागे येणारा वेग सेकंदाला १६ सें.मी.च्या आसपास असतो.

पाय जमिनीवर असले तरी सुटका नाही, हे हातोडाफेकीच्या खेळाडूंकडे पाहून समजते. पुरुषांच्या स्पर्धेतील हातोड्याचे वस्तुमान ७.२६ किलो, म्हणजे आपल्या पात्याच्या जेमतेम पाचवा भाग. १९८६ साली युरी सेदिख यांनी तो ८६.७४ मीटर फेकून विश्वविक्रम केला. अशा फेकीच्या शेवटच्या क्षणी हातोडा खेळाडूला बाहेर खेचतो तो तीनशे किलो वजनाएवढ्या बलाने. म्हणूनच हे खेळाडू बहुधा शंभर किलोंच्या पुढचे असतात आणि फिरताना कंबर मागे टाकून, जणू अदृश्य खुर्चीत बसल्यासारखे, शरीराचा तोल सावरतात. क्लाउड मात्र सरळ उभा असतो. विद्यार्थ्यांना दोन्ही चित्रे शेजारी ठेवून दाखवावीत. फळ्यावरच्या सूत्रापेक्षा ती अधिक बोलतील.

घन, वर्ग आणि पाचवा घात

वस्तू सर्व बाजूंनी दुप्पट केली की तिचा पृष्ठभाग चौपट आणि वस्तुमान आठपट होते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही गोष्ट हाडांच्या उदाहरणाने मांडली होती. पुढे जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञाने (हे उत्तरायुष्यात भारतात स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले) १९२६ च्या एका निबंधात चक्क गोष्टीतल्या राक्षसांना हाताशी धरून तीच समजावली. तेव्हा काल्पनिक कथांतून विज्ञान शिकवण्याची परंपरा चांगली जुनी आहे. हाल्डेनना राक्षस चालले, तर आपल्याला क्लाउड का चालू नये?

फिरवायच्या वस्तूच्या बाबतीत तर मामला याहून बिकट असतो. एखादी वस्तू फिरवायला सुरुवात करणे किंवा फिरती वस्तू थांबवणे किती अवघड, हे नुसत्या वस्तुमानावर ठरत नाही. ते वस्तुमान आसापासून किती दूर आहे त्याच्या वर्गावरही ठरते. यालाच जडत्व आघूर्ण म्हणतात. लांबी, रुंदी, जाडी सगळे दुप्पट केले, तर वस्तुमान आठपट आणि अंतराचा वर्ग चौपट, म्हणून जडत्व आघूर्ण ३२ पट! क्लाउडच्या तलवारीचे जडत्व आघूर्ण खऱ्या तलवारीच्या शंभरपटीहून जास्त भरते. यासाठी प्रयोगशाळा नको. क्रिकेटची बॅट आधी मुठीशी धरून मनगटाने डावीउजवीकडे हलवावी आणि मग उलटी करून, फळीच्या टोकाशी धरून हलवावी. बॅट तीच, वजन तेच, पण दुसऱ्या वेळी ती एकदम हलकी वाटते. बॅट नसेल तर फूटपट्टीच्या एका टोकाला ओल्या मातीचा गोळा लावावा आणि दोन्ही टोकांनी धरून पाहावे.

तलवारी घडवणाऱ्या जुन्या कारागिरांना जडत्व आघूर्ण हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्यांच्या हाताला ते नेमके कळत होते. पाते टोकाकडे निमुळते आणि पातळ होत जाते ते याचसाठी. पात्याच्या मधोमध लांब पन्हळ असते, ती रक्त वाहून जाण्यासाठी असे सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्य नाही. रेल्वेच्या रुळाचा मधला भाग बारीक ठेवतात त्याच तत्त्वावर, पात्याचा ताठपणा फारसा न घालवता वजन कमी करणे, हे तिचे काम. मुठीच्या मागच्या टोकाला जो जड गड्डा असतो तो गुरुत्वमध्य हाताजवळ ओढून आणतो. क्लाउडचे पाते मुठीपासून टोकापर्यंत एकाच रुंदीचे आहे. कारागीर ते पाहून हसला असता.

खऱ्या जगात प्रचंड तलवारी झाल्याच नाहीत असे मात्र नाही. खुद्द जपानमध्ये, ओकायामा येथील किबित्सु देवस्थानात, पंधराव्या शतकातली ३७७ सें.मी. लांबीची तलवार आहे. तिचे वजन १४.५ किलो. म्हणजे लांबीला आपल्या पात्याच्या अडीचपट आणि वजनाला निम्म्याहून कमी! घडवणाऱ्याने अरुंद पाते ठेवून शक्य तेवढी काटकसर केली आहे, आणि तरीही ती लढाईत चालवण्याजोगी नाही. अशा तलवारी देवाला वाहण्यासाठी आणि कसब दाखवण्यासाठी घडवल्या जात. नेदरलँड्समधील लेउवार्डन येथील संग्रहालयातली २१३ सें.मी.ची तलवार सोळाव्या शतकातल्या पिअर दोनिया या बंडखोर वीराची म्हणून दाखवतात. तिचे वजन ६.६ किलो आहे. दंतकथेतल्या बलदंड पुरुषासाठीही लोकांची कल्पना एवढ्यावरच थांबली होती.

चिलखताची गोष्ट

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) या खेळातील योद्ध्यांच्या खांद्यांवर डोक्यापेक्षा मोठी खांदकवचे असतात आणि त्यांना कधी कधी काटेही असतात. वजन सोडा, पण अशी कवचे घालून हात डोक्यावर नेता येईल का? दोन्ही खांद्यांवर रिकाम्या घागरी बांधून केस विंचरून पाहावेत, म्हणजे उत्तर मिळेल. काट्यांचे तर आणखी वाईट. खऱ्या चिलखताचा पत्रा गुळगुळीत आणि बाहेरून फुगीर असतो, म्हणजे वार तिरका बसून घसरून जातो. पत्र्याच्या लंबाशी ६० अंशांचा कोन करून वार बसला, तर आत ढकलणारे बल निम्मेच उरते. काटा आणि खाचा मात्र निसटणाऱ्या पात्याला अडवून धरतात. वार वाया जाऊ नये अशी शत्रूसाठी केलेली सोयच ती! स्त्री-योद्ध्यांना दिलेले, पोट उघडे ठेवणारे चिलखत कोणत्या तत्त्वावर चालते, हे आम्हांला अद्याप उमगलेले नाही.

पंधराव्या शतकातील युरोपीय लढवय्याचे पूर्ण चिलखत साधारण वीस-पंचवीस किलोंचे असे, आणि ते अंगभर विभागलेले असल्यामुळे घालणाऱ्याला पळता येई, पडल्यावर उठता येई. पण त्याची किंमत मोजावी लागे. लीड्स विद्यापीठातील ग्रॅहम ॲस्क्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ३० ते ५० किलोंच्या चिलखतांच्या प्रतिकृती घातलेल्या माणसांना सरकत्या पट्ट्यावर चालवले. चालण्यासाठी लागणारी ऊर्जा २.१ ते २.३ पट झाली. तेवढेच ओझे पाठीवर घेतले तर इतका खर्च येत नाही. पायांवर बांधलेले लोखंड प्रत्येक पावलाला पुढे झुलवावे आणि थांबवावे लागते, म्हणून. पुन्हा जडत्वच!

मग चित्रकार असे का करतात? अज्ञानामुळे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९७ सालच्या पडद्यावर नायक पेरभर उंचीचा, चार-दोन ठोकळ्यांचा बनलेला असे. त्याच्या हातातली खरी तलवार एखाद्या रेघेसारखी दिसली असती. 'वॉरक्राफ्ट'मध्ये खेळणारा आपल्या पात्राकडे मागून आणि वरून पाहतो, तेव्हा त्याला सर्वांत जास्त दिसतात ते खांदे. काही खेळ तर जडत्वाची थोडी बूजही राखतात. 'मॉन्स्टर हंटर'मध्ये (२००४) महाकाय तलवार उपसून हाती धरली की शिकाऱ्याची चाल मंदावते. 'डार्क सोल्स'मध्ये (२०११) अंगावरचे एकूण ओझे मर्यादेबाहेर गेले की कोलांटी जड होते. फक्त ते ओझे हातात आहे की पायात, याची खेळ विचारपूस करीत नाही.

शेवटी वर्गातून एक प्रश्न नक्की येईल: तलवार हलक्या धातूची असली तर? जरूर हिशेब करू द्यावा. ॲल्युमिनिअमची घनता २.७, म्हणजे तेच पाते १२ किलोंचे. तोल तरीही जातो. लाकडाचे केले तर तीन-साडेतीन किलोंवर येते आणि माणसाला पेलते. पण आता पात्याच्या एका बाजूचे क्षेत्रफळ आहे ०.४५ चौरस मीटर. धार जराशी कलली की हवा त्याला अडवणार आणि वार भलतीकडेच जाणार. म्हणजे क्लाउडच्या हातात उरतो तो दीड मीटर लांबीचा पंखा.