मध्यम किमतीचे टायर : काय पाहून घ्यावेत?



टायर बदलायची वेळ आली, की "महागडे परवडत नाहीत, मधल्या भावातले चालतील का?" असे सभासद आम्हाला विचारतात. पौड-ताम्हिणी रस्त्याला नेहमी गाडी चालविणाऱ्यांचे म्हणणे असे, की कोरड्या रस्त्यावर फारसा फरक कळत नाही. तो कळतो पावसात, घाटउतारावर ब्रेक दाबल्यावर.

टायरच्या खाचा रस्त्यावरचे पाणी बाजूला सारतात. खाच झिजली, की चाक पाण्यावरून घसरते. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असा कायदा आहे. खाचेतले बारीक उंचवटे नक्षीच्या बरोबरीला आले, की टायर संपला समजावे. मग तो कितीही महाग असो.

बेणे घेताना आपण त्याचे वय पाहतो, तसेच टायरचेही पाहावे. पडून राहिलेले रबर कडक होते. बाजूवर चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. मापाशेजारचा आकडा भाराचा असतो. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्यापेक्षा कमी आकड्याचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

हवा टायर थंड असताना तपासावी. हवा कमी असली तर दोन्ही कडा झिजतात, जादा झाली तर मधला पट्टा.

एवढे पाहिले तर मधल्या भावाचा टायरही चांगले काम देतो. तरी पावसाळ्यापूर्वी सर्वांनी आपापले टायर तपासून घ्यावेत, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी